बदकी म्हणायचं नाही

शेजारच्या रखमाजीच्या लग्नात नवरीचा बाप आणि नवऱ्याची आई भांडली, ते मी कुडापलीकडून ऐकलं.

"पोरीच्या पायाची बोटं कातड्यानं जुळलेली! आता जोडवी घालायची कुठं?" सासू.

"देवानंच जोडून धाडलीत, इहीणबाई. तुमची जोडवी वाचली की!"

"बदकी मारली आमच्या गळ्यात!"

बाप न जेवताच उठून गेला. शब्द मात्र इथंच राहिला.

नवरीचं प्रयागबाई हे नाव नुसतं रेशनकार्डावर, गावात बदकी. मला याचा लई राग. बदकाची बोटं पोहायला असतात. ही बाई ओढ्याच्या गुडघाभर पाण्यातसुद्धा माझा हात धरून उतरायची. शब्द वापरायचा तर त्याचा अर्थ तरी बघावा माणसानं!

पायात जोडवी नाहीत, म्हणून हळदीकुंकवाला नव्या सुना तिला वगळून पुढं सरकायच्या. एकदा ती म्हणाली, "अगं, नवरा हाय माझा. ओट्यावर खोकतोय, ऐकू येत न्हाई का?" सगळ्या हसल्या. ती नाही हसली.

मग तिला नात झाली, आरोही. पाय तसेच. घोडेगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोटं जुळलेली आहेत एवढंच, पोरगी चालेल, पळेल. प्रयागबाईनं तेवढंच धरून ठेवलं. "माझं झालं ते झालं. पोरीला कुनी बदकी म्हनायचं न्हाई. जुळी बोटं म्हना."

सांगून कोण ऐकतंय! "जुळी? म्हंजे पोरी दोन झाल्या व्हय?" असं विचारणारे शहाणे निघाले.

घरोघर दुधाचा रतीब तिचाच. माप ओतलं की वर थोडी धार सोडायची तिची रीत. आता बदकी म्हणेल त्याला नुसतं माप. धार गेली म्हणून लोक कुरकुरले, पण शब्द काही सोडला नाही. मी तणतणायचे, ती आपली किटली उचलायची.

गेल्या पावसाळ्यात ती झोपेतच गेली. आदल्या सकाळी रोजच्यासारखी हौशीरामच्या दारात उभी होती.

"काय वैनी, बारकी बदकी रांगती का?" त्यानं पातेलं पुढं केलं.

"आरोही उभी ऱ्हाती आता."

तिनं माप काठोकाठ भरून ओतलं. वर थेंब नाही. तो पातेलं धरून तसाच उभा राहिला. तिनं किटलीला झाकण लावलं आणि पुढच्या दाराकडं निघाली.