वहिनींच्या करंड्यातली टोपी

निरोप आला तेव्हा मी अमरावतीच्या कापूसबाजारात गाडीचे दोर सोडत होतो. भातकुलीजवळच्या आमच्या गावाहून गडी हणमंता धापा टाकत आला. "चाला घरी. वहिनीले बंदूक लागली," एवढंच बोलला. कुणी मारली, हे विचारायचं मला सुचलंच नाही. माझा हात आधी बंडीच्या खिशात गेला... मी घरी पोचेपर्यंत यमुनावहिनी गेल्या होत्या.

आता दीड महिना होत आला. गावात एकच बोलणं चालू आहे, "बाईमाणसानं बंदुकीले हात काहून लावा?" ते ऐकून अंगाची लाही होते, आणि राग येतो तो माझाच. म्हणून लिहायला बसलो आहे.

वहिनी अकोल्याच्या. वडील जमादार, त्यामुळं त्या बंदुकांच्या घरातच वाढलेल्या. आमच्याकडं बंदूक आली ती अलीकडं, अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसावर तुटून पडल्या आणि ढिगांवर चोर येऊ लागले तेव्हा. माझ्या थोरल्या भावानं, दादांनी, ठासणीची बंदूक आणली. नळीत दारू नि छर्रे ठासायचे, मागं तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आदळला की बार उडतो. भरलेली बंदूक रिकामी करायची सोपी रीत म्हणजे बार उडवणं. घरापाशी ओसरीपर्यंत कापूस, तिथं ठिणगी कोण पाडणार? आणि रानात उगाच बार उडवणं आमच्या जिवावर येई. म्हणून बंदूक भरलेलीच घरी यायची नि खुंटीला लागायची. आमच्याकडंच नव्हे, आसपासच्या घरांतही तसंच चाले.

वहिनींना हे कधीच पटलं नाही. "बार शेतातच उडवत जा," असं त्या किती वेळा म्हणाल्या असतील. आम्ही हसण्यावारी नेलं. मग त्यांनी आपला नियम काढला. बंदूक घेऊन कुणी आलं की उंबऱ्यात आडव्या उभ्या राहायच्या आणि तळहात पुढं करायच्या. "भाऊजी, टोपी द्या." घोड्याखालची टोपी काढून हातावर ठेवल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नसत. ती टोपी मग कोनाड्यातल्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात जायची.

"वहिनी, तुमी तं नाक्यावरच्या शिपायावानी करून राहिल्या," मी चिडवायचो.

"शिपाई सोडन एखाद वेळा. मी नाई सोडत."

थट्टेतसुद्धा कुणाकडं नळी वळली की त्यांचा आवाज चढायचा. अकोल्याला त्यांचा चुलतभाऊ असाच गेला होता. "रिकामी हाये म्हननारानंच मारलं त्याले," असं त्या सांगायच्या.

खंडेनवमीच्या सकाळी मी शेतातून डुकरं हाकलून आलो. दारात बैल जुंपलेले, पहिल्या वेचणीचा कापूस गाडीत, अमरावती गाठायची घाई. वहिनी उंबऱ्यात उभ्या. एका हातात पूजेचं ताट, दुसरा हात माझ्यापुढं. मी घोडा उचलून पाहिला. टोपी दवानं घट्ट बसली होती, निघेना. मी घोडा हळूच परत टोपीवर टेकवला, वळल्यासारखं केलं, खिशातली एक नवी टोपी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी बघितलंही नाही. मूठ मिटली. माझ्यावर भरवसा होता ना...

बंदूक खुंटीला लावून मी निघालो. आज औजारांबरोबर तिचीही पूजा होणार, ती खाली उतरणार, हे मला ठाऊक होतं. पूजेचं ताट डोळ्यांसमोर होतं. तरी डोक्यात शिरलं नाही. येऊन काढू, असं म्हणून मी गाडीवर चढलो.

पुढचं दादांनी सांगितलं. वहिनींनी बंदूक ओल्या फडक्यानं पुसली, पाटावर ठेवताना ती निसटली, आणि घोडा शेजारच्या नांगराच्या फाळावर आपटला. छर्रे पोटात गेले. दुपारपर्यंत त्या शुद्धीवर होत्या. एकच विचारत होत्या, "टोपी तं म्या घेतली व्हती... मंग उडली कशी?" ते न कळताच त्या गेल्या. कशी उडली ते फक्त मला माहीत होतं, आणि मी बाजारात दोर सोडत होतो.

तेराव्यानंतर दादांनी करंडा उघडला. बंदुकीवर बसून निघालेल्या टोपीचं तोंड थोडं फाकतं. आतल्या सगळ्या तशाच होत्या, काळवंडलेल्या. एक मात्र लखलखीत, गोल. ती त्यांनी बोटांत धरून उजेडाकडं नेली.

"हे कदी बंदुकीवर बसलीच नाई."

"नाई, दादा. मी खिशातली देल्ली."

ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी परत करंड्यात ठेवली, झाकण लावलं. "मंग हे गावाले सांग," म्हणाले, "ते तिले नाव ठेवून राहिले."

म्हणून सांगतो. वहिनी चुकल्या नाहीत. चुकलो मी.

आता रोज शेतातून येताना बार बांधावरच मातीत उडवतो. परवाही तसंच केलं. रिकामी नळी खाली धरून, फुटलेली टोपी हातात घेऊन घराशी आलो आणि उंबऱ्यापाशी पाय आपोआप थांबले. हात पुढं केला. दारात कुणी नव्हतं.