पॉलिस्टरचा गुण येत नाही

आयर्लंड मी अजून पाहिलेलं नाही, पण तिथे पायी बरंच फिरले आहे. हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या आयुष्यातली सगळी पायपीट त्याच्यामुळेच झालेली आहे.

हा माणूस कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढला. पण त्याचं बोलणं ऐकलंत तर त्याचं बारसं राजगडाच्या माचीवर झालं असावं असंच वाटेल. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने मला एका गडावर नेलं. दर वळणावर मी विचारायचे, "किती राहिलं?" आणि हा मागे वळून म्हणायचा, "हे काय, आलंच." सकाळी सुरू झालेलं हे 'आलंच' दुपारी टाक्याचं पाणी प्यायला बसलो तेव्हा संपलं. त्यानंतरही आम्ही पुष्कळ गड चढलो आणि प्रत्येक गडावर तो माझ्याशी तितक्याच निर्मळ चेहऱ्याने खोटं बोलला.

अशा माणसाला नोकरीने आणून टाकलं ते नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपमध्ये. इथे समुद्र आपल्या डोक्याच्या वर आणि जमीन पोळपाटासारखी. गावात चढ म्हणावा असा एकच, हायवे ओलांडून पलीकडच्या शेतांत उतरणारा सायकलींचा पूल. बाकी उंची हवी असेल तर आमच्या घराचा जिना. डच जिने इतके उभे असतात की पहिल्या महिन्यात मी ते उलटी होऊन, शिडी उतरतात तशी उतरत असे.

सपाटीला कंटाळून त्याने आयर्लंडची एक सहल ठरवली. आठवडाभर डोंगरवाटांवरून चालायचं, बरोबर तिथलीच एक गाइड बाई. ती वाटेत जुन्या लोककथा सांगणार आणि संध्याकाळी टोपल्या विणणं, लोकर कातणं वगैरे शिकवणार. मला चालण्याचा मनापासून तिटकारा आहे. "अगं, गाइड आहे ना," तो म्हणाला, "तुला डोकं चालवावं लागणारच नाही. नुसते पाय टाकायचे." माझी तक्रार पायांचीच होती, पण ती कोण ऐकतो.

मग सराव सुरू झाला. रोज संध्याकाळी पाठीवरच्या सॅकमध्ये कणकेच्या पिशव्या भरून हा त्या पुलावर जायचा, चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. तेवढ्यात कोरोना आला, सगळं जग घरात बसलं, आमच्या डोक्यावरून जाणारी विमानं बंद झाली, सहल पुढे ढकलली गेली. सराव मात्र चालूच. एके दिवशी शेजारच्या आजोबांनी कुंपणापलीकडून, नियमाचं अंतर राखून, मला हळूच विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. तुमचे मिस्टर रोज सामान घेऊन निघून जातात आणि रोज परत येतात, ते बघून त्यांना काळजी वाटली होती. मी म्हटलं, मलाही वाटते.

सहल दुसऱ्यांदा पुढे गेली तेव्हा त्या गाइड बाईने एक तोड काढली. दर शनिवारी सकाळी ती आपल्या डोंगरावर फोन घेऊन चालणार, आणि नाव नोंदवलेले आम्ही सगळे देशोदेशीचे लोक आपापल्या गावात, कानात तिचा आवाज घेऊन, तेवढाच वेळ चालणार. नंतर लॅपटॉपसमोर बसून हस्तकला. नवरा हरखला. मी म्हटलं, तू चाल, मी टोपली विणते.

झालं उलटंच.

दुसऱ्या हिवाळ्यात तो आजारी पडला. मला आणि लेकीला सर्दीवर भागलं, पण त्याचा ताप हटेना. आमच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, फोनवरून पॅरासिटामॉल आणि विश्रांती सांगितली. हॉस्पिटलची वेळ आली नाही, हे नशीबच. ताप गेला, चव परत आली, भूक परत आली. दम तेवढा परत आला नाही. त्याला एक साधं वाक्य दोन-तीन दमांत बोलावं लागायचं. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, थोडं थोडं चाला, दमायच्या आत परत फिरा. काहींचा दम महिन्या-दोन महिन्यांत येतो, काहींचा फार उशिरा. "आणि काहींचा?" असं मी विचारलं नाही.

एकदा तो जिन्यात मध्येच बसला. वर बेडरूमपर्यंत चार-पाच पायऱ्या राहिल्या असतील. मी खालून गमतीने म्हटलं, "अरे, हे काय, आलंच." मला वाटलं, हसेल. त्याने नुसता हात वर केला, थांब म्हणून. हसायला दम लागतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्या दिवशी मला फार भीती वाटली. हा माणूस पुन्हा कधी चढ चढेल का, एवढा एकच प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यात होता. मी भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, कपडे वाळत घालताना तोच विचार करत होते, आणि तोंडाने मात्र त्याची यथेच्छ टिंगल करत होते, कारण टिंगल थांबली असती तर त्याला लगेच कळलं असतं.

शनिवार चुकवायचा नाही असा त्याचा हट्ट होता. मग त्याच्या जागी मी चालायला लागले. तो घरी सोफ्यावर, समोर लॅपटॉपवर गाइड बाई. आणि माझ्या हातात फोन, त्याच्यावर व्हिडिओ कॉल. म्हणजे माझ्या कानात एकाच वेळी दोन गाइड. ती सांगायची, आता खडकाळ चढ आहे, जपून पाय टाका. मी बटाट्याच्या सपाट शेताकडेने रानबदकांची शीट चुकवत असायचे. "जरा डावीकडे... फिरव ना फोन," हा घरातून म्हणायचा. "डावीकडे... काय आहे?"

"शेत."

"आणि उजवीकडे?"

"शेत. मागे पण शेत. आणखी काही बघायचंय का?"

हस्तकला मात्र त्याच्या वाट्याला आली. इथे चरांच्या काठाने विलोची झाडं असतात, ती हिवाळ्यात पार बोडकी छाटतात. त्यातल्या टाकून दिलेल्या फांद्या मी उचलून आणल्या आणि त्याने टोपली विणायला घेतली. फांद्या भिजवायला बाथटब हवा होता. आमच्याकडे बाथटब नाही, म्हणून गणपतीचं विसर्जन करतो त्या मोठ्या टबात त्या घातल्या. टोपली एका अंगाला अशी काही झुकली की लेक म्हणाली, "बाबा, इट लुक्स टायर्ड." तो म्हणाला, "माझ्यावर गेलीय."

एका शनिवारी गाइड बाई एका झऱ्यापाशी थांबली. काठावर एक काटेरी झाड, आणि त्याच्या फांद्यांना रंगीबेरंगी चिंध्या बांधलेल्या. तिने तिथली रीत सांगितली. आजारी माणसाच्या अंगातल्या कपड्याची चिंधी फाडायची, झऱ्यात भिजवायची, झरा उजव्या हाताला ठेवून त्याभोवती फेऱ्या घालायच्या आणि चिंधी झाडाला बांधायची. ती जसजशी कुजत जाईल तसतसं दुखणं जातं. आणि बांधलेली चिंधी कुणी काढू नये, काढणाऱ्याला ते दुखणं लागतं. "ही तर... आपली प्रदक्षिणा," नवरा घरातून म्हणाला.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. पुराव्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, आणि पुरावा दिला तरी दोनदा तपासते. तर सोमवारी सकाळी मी कपाटातून त्याचा लाडका नारिंगी ट्रेकिंगचा टी-शर्ट काढला, मागच्या बाजूने, जिथे तो पँटमध्ये खोचला जातो तिथून, एक पट्टी कापली आणि दूध आणायला जाते असं सांगून बाहेर पडले. पुलापलीकडे चराच्या काठी एक एकटंच काटेरी झाड आहे हे मला शनिवारच्या पायपिटीमुळे माहीत झालं होतं. चराच्या गढूळ पाण्यात पट्टी बुडवली, बांधली. फेऱ्या घालायला गेले तर एका बाजूला चर. म्हणून अर्ध्यातून मागे फिरले, महादेवाला प्रदक्षिणा घालतात तशी. देव कोणता होता ठाऊक नाही, पण त्याने समजून घेतलं असावं असं मी धरून चालले.

बर्फ पडला. चर गोठले, गावातली मुलं त्यावर स्केटिंग करून गेली. वादळी वारे झाले. मी अधूनमधून जाऊन बघत होते. पट्टी जशीच्या तशी. रंगसुद्धा उडाला नव्हता. इकडे नवरा सुपरमार्केटच्या कोपऱ्यापर्यंत जायचा आणि बाकावर बसायचा. मी काही विश्वास ठेवत नव्हते, तरी रोज जीव टांगणीला लागलेला.

आणि मग एकदा इस्त्री करताना मला तो टी-शर्ट घेतला तो दिवस आठवला. दुकानात हा मला कौतुकाने सांगत होता, "शंभर टक्के पॉलिस्टर आहे. घाम धरत नाही, पाणी धरत नाही, आयुष्यभर टिकतो." इस्त्री हातातच राहिली. दुखण्याला मी आयुष्यभराची गॅरंटी देऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी रिमझिम पावसात मी झाडापाशी उभी होते. बांधलेली चिंधी काढावी तर दुखणं मला लागणार, ठेवावी तर त्याला चिकटलेलं राहणार. कोरोनाने एवढं शिकवलं होतं ते कधी उपयोगी पडायचं? मी मास्क चढवला, रबरी ग्लोव्ह्ज घातले, गाठ सोडली, पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून तोंड बांधलं आणि हातांना सॅनिटायझर चोळलं. मग त्याच्या जुन्या बनियनची पट्टी बांधली. शुद्ध सुती, आणि इतकं विरलेलं की निम्मं काम आधीच झालेलं होतं. या वेळी अर्धी प्रदक्षिणा दोनदा घातली.

वसंत आला. तो रोज थोडं चालायचा, पण कुठवर गेलास म्हणून विचारलं की "इथेच" म्हणायचा. मीही खोदून विचारत नव्हते. आकडा कमी असता तर माझा चेहरा लपला नसता.

मे महिन्यात एका शनिवारी मी लेकीला हॉकीला सोडून घरी आले. त्या दिवशी बाईचं चालणं नव्हतं. घरात कुणी नाही. त्याचा फोन टेबलावर. वर बघितलं, मागच्या अंगणात बघितलं. सुपरमार्केटच्या कोपऱ्यावरचा बाक रिकामा होता. परत येऊन दारातच उभी राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण मनात नको ते सगळं येऊन गेलं.

आणि हा रस्त्याच्या वळणावरून आला. तोंड लाल, केस घामाने चिकटलेले, हातात एक मळकी चिंधी.

"काय गं," तो लांबूनच म्हणाला, "माझं बनियन तिकडे झाडावर काय करत होतं?"

त्या झाडापाशी जायला दुसरी वाट नाही. पूल चढावा लागतो, उतरावा लागतो, आणि येताना पुन्हा चढावा लागतो. मी दारातच रडायला लागले. तो घाबरला. "अगं, जुनंच तर होतं. मी कुठे काय म्हणतोय?"

तेव्हा माझं लक्ष चिंधीकडे गेलं. "काढलीस कशाला?" मी ओरडले. "काढायची नसते ना! बाईने सांगितलं होतं ना!"

"काढली नाही. नुसता हात लावला तर तुटून हातात आली, अर्धी तिथेच आहे. आणि बनियन माझं, दुखणं माझं, आता आणखी कुणाला लागणार?"

"ते काही नाही. चल, बांधून येऊ."

"आत्ता?"

मग तिथेच थोडं पाणी पिऊन, दारातल्या बाकावर बराच वेळ बसून, आम्ही निघालो. मला त्याला दमवायचं नव्हतं, त्यामुळे दर खांबाला मी थांबायचं नाटक करत होते. पुलाच्या चढावर ते नाटक राहिलं नाही. हा सावकाश, एका लयीत पुढे जात होता, आणि मी कठड्याला धरून मध्येच उभी. खालून गाड्या जात होत्या. पलीकडे ते झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं दिसत होतं, फार लांब.

"अरे, किती राहिलं?" मी ओरडून विचारलं.

तो थांबला. चिंधी हातात धरून मागे वळला, आणि तोच जुना निर्मळ चेहरा करून म्हणाला, "हे काय, आलंच. तो पांढरा दिवा दिसतोय ना, तिथून उतारच आहे, चल."

अजून निम्मा पूल बाकी होता. हा माणूस माझ्याशी धडधडीत खोटं बोलला होता, आणि सगळं एका दमात.