वहिनींनी खाल्लेली भिंत

आमच्या घराण्यात कॉलेज संपवणारा पहिला माणूस मी. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि गावी आलो, तेव्हा आईनं दारात ओवाळलं आणि तबक खाली ठेवायच्या आत विचारलं, "मग आता ढेकणांवर कायतरी औषिद करशील का?"

आमचं गाव तेरच्या अलीकडं. घर पांढरीच्या मातीचं, म्हणजे गावच्या जुन्या टेकाडावरची पांढरी माती आणून उभं केलेलं, वर माळवद. भिंतीत ढेकूण, माळवदात विंचू आणि बाहेर डबक्यावर डास. दरवर्षी घरातलं कुणी ना कुणी हिवतापानं गोधडीखाली कुडकुडायचं. त्यामुळं सरकारची माणसं पंप घेऊन गावोगाव डी.डी.टी. फवारत येणार म्हटल्यावर मला आनंद झाला. गावाला झाला नव्हता. कुणी म्हणे देवावर उडेल, कुणी म्हणे कोंबड्या मरतील. शेवटी मी चावडीवर उभा राहिलो आणि समजावलं, की डास भिंतीवर बसतो, त्याच्या पायाला औषध लागतं आणि तो मरतो. एकही भिंत सोडायची नाही.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आन डास भितीवर बसलाच न्हाय तर?"

"बसतोच."

"लिवून दिलंय का त्यानं?"

तरी गाव तयार झालं. माझ्या भाषणाची तारीफ झाली. आणि त्याच आठवड्यात मला कळलं, की आमच्या वहिनी भिंत खातात.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. त्यांना दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं. नजर झाली, सावली पडली, नवस फिटला नाही, अशी गावानं कारणं शोधली. तिसऱ्या खेपेला पाचवा लागला होता. घरात सगळे दबकून बोलायचे, जणू मोठ्यानं बोललं तर ते पोटातलं दचकेल.

मधल्या खोलीत ज्वारीची कणगी होती. तिच्यामागं भिंतीला ताटलीएवढा खड्डा पडलेला मी पाहिला.

"वहिनी, हे कुणी उकरलं?"

"उंदरानं."

"उंदीर बांगड्या घालतो का? हितं हिरव्या काचंचा तुकडा पडलाय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "भावजी, कालिजात ह्येच शिकला का तुमी?" मग हळूच म्हणाल्या, "डोहाळा हाय. भितीवर पाणी शिपडलं की आसा वास येतोय, जीव ऱ्हात न्हाय बगा."

मी सांगितलं, की दोन दिवसांनी या भिंतीवर विष फवारणार आहेत, त्यानंतर कण सुद्धा तोंडात घालू नका. वहिनींचं हसू गेलं. मागल्या साली शेजाऱ्यांच्या गोठ्यात असलंच काही मारलं होतं. त्यांचं गाभण मांजर भिंतीला अंग घासायचं आणि मग अंग चाटत बसायचं. त्यानं मेलेली पिल्लं टाकली. त्या मांजराला दूधभात वहिनीच घालायच्या.

"सोडीन म्हटलं तरी हात आपसूक जातोय," त्या म्हणाल्या. "भावजी, तुमीच कायतरी करा. ही बारी जाऊ देऊ नका."

मांजराचं झालं ते बाईचं होईलच, असं मी काही काचेच्या नळीत सिद्ध केलेलं नव्हतं. पण मला आणखी एक आठवलं. आधीच्या दोन्ही खेपांना वहिनी शेतात किडीची पावडर धुरळायला गेल्या होत्या. फडक्याच्या पुरचुंडीत पावडर घ्यायची आणि भुईमुगावर हातानं झटकत जायचं. बायांचा हात हलका, पावडर कमी सांडते, म्हणून ते काम बायांचंच. संध्याकाळी वहिनी पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायच्या. तेच कारण होतं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. असली विषं पोटुशीच्या गर्भाला बाधतात, मूल राहण्यातही अडथळा आणतात, हे आता वर्तमानपत्रात येतं. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी आईकडं गेलो.

"डोहाळं अडवायचं नसतंय," आई म्हणाली. "लेकराचा कान फुटतोय."

"अगं, विष आहे ते!"

"मग त्या पंपवाल्यांना ती भित सोडा म्हणावं."

"का म्हणून विचारलं तर काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. पर सुनंच्या पोटाचं गड्यामाणसांपुढं काढायचं न्हाय. तुझ्या बापापुढं तर न्हायच."

आली का पंचाईत!

फवारणीच्या दिवशी भांडीकुंडी अंगणात, कोंबड्या डालग्याखाली आणि देव बाजेवर. खाकी कपड्यातला मुकादम पंपवाल्यांना घेऊन आत आला. मी मधल्या खोलीच्या दारात आडवा उभा.

"ही खोली सोडा."

"का साहेब?"

"भिंतीला ओल आहे."

त्यानं भिंतीवर हात फिरवला. "खडखडीत हाय."

"देवाची खोली आहे."

"देव तर भायेर ऊन खात बसल्यात."

मग मी पांढऱ्या मातीतल्या चुन्याचा आणि डी.डी.टी.चा संयोग होऊन काहीतरी भयंकर घडतं, असं इंग्रजी शब्द घालून सांगितलं. मुकादम जरा चरकला. पण तेवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, ओसरीवरून गरजले, "आरं, एकबी भित सोडायची न्हाय म्हून चावडीत तूच बोंबलला ना? आता आपल्या घराला येगळा कायदा व्हय?"

दारात माणसं जमली होती. चावडीवरचा म्हातारा पुढंच होता. "डासानं लिवून दिलं आसंल," तो म्हणाला, "ह्या भितीवर बसणार न्हाय म्हून."

सगळे हसले. मुकादमानं खूण केली, पंपवाल्यानं हवा भरायला दांडा हाणला.

आणि दाराआडून बांगड्या वाजल्या. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी आबांपुढं कधी शब्द काढला नव्हता. घोगऱ्या पण खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "त्या भितीला हात लावायचा न्हाय. ती भित मी खाते."

आईनं कपाळाला हात लावला. आबा माळवदाकडं बघू लागले, जणू तिथं विंचू निघालाय. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, तोंड उघडलं. "म्हंजी ते उंदराचं न्हाय? आगं, म्या तितं पिंजरा लावलाय की! आन रोज भाकरीचा तुकडा गायब होतोय!"

"तो बी मीच खाते," वहिनी म्हणाल्या.

मुकादम खो खो हसला. मग गंभीर झाला. "बाई, माझी बायकू राखुंडी खायची. पर ह्ये पोटात जाऊ देऊ नका. आमाला बी नुसत्या हातानं कालवावं लागतंय, रातभर डोकं गरगरतंय." त्यानं मधली खोली सोडली आणि बाकीचं घर फवारलं.

त्या खोलीत उडून आलं असेल तर काय, ही माझी धास्ती गेली नाही. भिंत खाऊच नका, असं मी म्हणत राहिलो आणि आई कानाचं सांगत राहिली. तोड आबांनी काढली. दुसऱ्या दिवशी ते कुदळ घेऊन टेकाडावर गेले, वरचा थर बाजूला सारून खालची माती काढली आणि पाटी भरून ओसरीवर आणून ठेवली. सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती. म्हणून खाकरले आणि खांबाला म्हणाले, "घरात कुणाला भित लागत आसंल तर ही घ्या म्हणावं. घर तेवढं उभं ऱ्हाऊ द्या."

वहिनींच्या माहेरीही फवारणी झाली होती. पहिलटकरणीनं माहेरी जायचं ही रीत मोडून बाळंतपण आमच्याकडंच ठरलं. त्यांची आई बिऱ्हाडासकट येऊन राहिली आणि दोघी विहिणी रोज चुलीवरून भांडायच्या. सहावा गेला, सातवा गेला, तसा भांडणांचा आवाज चढत गेला. आता कुणी दबकून बोलत नव्हतं.

दिवस भरले आणि मुलगी झाली. सुईण आतून ओरडली, पण तिच्यापेक्षा त्या लेकराचाच आवाज मोठा होता. आई लगबगीनं आत धावली, "गप, गप माझी बाय" करत.

आबा खांबाला न सांगता थेट दारातून आत ओरडले, "कुणी गप करू नका तिला. रडू द्या जरा येळ."