शिंपीकाकांचा कॅमेलिया

शिंपीकाकांनी दुकान मुलाच्या हाती सोपवले, पण हातातली कात्री काही सुटेना. अंगणातल्या कॅमेलियाची एखादी फांदी जरा बाहेर डोकावली, तरी त्यांचा जीव वरखाली होई. थंडीच्या तोंडावर ते झुडूप शर्टाची कॉलर बेतावी तसे कातरून काढत. झुडूप हिरवेगार, घाटदार. फूल मात्र कधीच नाही. रोप काकूंनी मोठ्या हौसेने आणलेले. "यंदाही फुललं नाही, तर उपटून टाकणार," त्यांनी बजावले.

त्याच वर्षी काका घसरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. झुडूप अस्ताव्यस्त वाढले. काका खिडकीतून पाहत हळहळत राहिले. मग एका सकाळी काकूंनी त्यांना जवळजवळ ओढतच अंगणात नेले. फांद्यांच्या टोकांवर गुलाबी फुले उमलली होती.

काकांनी डाव्या हाताने शेजारची टपोरी कळी चाचपली. "अगं, ह्यांना गाठी समजून मी दरवर्षी छाटत आलो!"

"म्हणजे खतपाणी मी घालायचं आणि कळ्या तुम्ही उडवायच्या?" काकू हसता हसता पायरीवरच बसल्या. "हात बरा झाल्यावर काय करणार आहात?"

"आता फुलं गळून गेल्यावरच छाटीन. तोवर दिसू दे गबाळं," म्हणत काकाही त्यांच्याशेजारी टेकले.