ओट्याखालची दारं

राहुरीच्या दुकानात मी ओट्याखालच्या कपाटांसाठी स्वस्तातला सनमायका निवडत होते. एकटी राहते, म्हणून कपाटांना कुलपंही हवी होती. शेजारी शनिशिंगणापूरच्या एक मावशी सुनेबरोबर आल्या होत्या. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या घराच्या चौकटीला दार नाही, नुसता पडदा. सुनेला मात्र नव्या ओट्याखाली दारं हवी होती.

सून रंग दाखवायची. मावशींचं रंगाकडे लक्षच नव्हतं. त्या नमुन्याच्या कपाटाचं दार उघडून तसंच ठेवायच्या. दुकानदाराने ते लोटलं, की दचकून पदर घट्ट धरायच्या.

"आत्याबाई, उंदरांसाठी लावायचीत," सून म्हणाली. "चोरासाठी थोडीच?"

"देवाला कसं कळायचं ते? आमी कदी काय बंद केलं न्हाई, बाई."

मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "तुमी कुलपं लावताय व्हय? भ्या न्हाई वाटत?"

"भीती वाटते म्हणूनच लावतेय," मी हसून म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "मंग लावल्यावर जातं का?"

आता घराबाहेर पडताना मी ती सगळी कुलपं ओढून बघते. जिना उतरते, आणि पुन्हा वर जाते.