दिरासाठी रॅक निवडताना

आमच्या ह्यांच्या पायाला मुळातच भिंगरी, पण त्या दिवसांत त्यांनी घरादाराला वात आणला. मटार आणि मका गोठवणाऱ्या कारखान्यातल्या शीतगृहाची जबाबदारी ह्यांच्यावर. आत माल रचायला ह्यांचा धाकटा भाऊ, आणि शीतगृहाच्या दारासमोर दाणे निवडायच्या टेबलावर मी. तिथला जुना लोखंडी रॅक पायाशी गंजून खचला आणि क्रेटांसकट भाऊजींच्या अंगावर आला. मोडलेलं हाड जुळलं, पण भाऊजी त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकेनात. मालक ह्यांना म्हणाले, "नवे रॅक तुम्ही निवडा. पण ते बसले की भाऊ आत दिसला पाहिजे. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

झालं! ह्यांच्या जिवाला घोर लागला. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात; हे तर पाणीसुद्धा फुंकायला लागले. रंग दिलेलं लोखंड, प्लास्टिकच्या पट्ट्या, स्टीलची जाळी, सगळे नमुने घरी येऊन पडले. माझा फ्रीज रिकामा करून त्यात ओले तुकडे कोंबले आणि गारठले की बाहेर काढून त्यांच्यावर हातोडी. मी म्हटलं, "अहो, रॅक निवडताय की सून?" हसलेसुद्धा नाहीत. भरल्या ताटावरून उठायचे आणि स्वयंपाकघरातली मांडणी गदागदा हलवून बघायचे. एकदा ती डब्यांसकट खाली आली. फरशीवरची डाळ गोळा करता करता मलाच म्हणतात, "बघ, भिंतीला नीट आवळलेली नव्हती." असा संताप आला म्हणून सांगू!

रॅकवाला पत्र्याच्या सलग फळ्या गळ्यात मारू पाहत होता. म्हणे, माल जास्त मावतो.

"आणि गार हवा खेळायची कुठून? मधला माल मऊच राहील," हे म्हणाले.

शेवटी स्टीलची जाळी ठरली. तिच्यावर पाणी साचत नाही, धुवायला सोपी. पाय जमिनीत बोल्टनं आवळून घेतले. रॅकवाल्याची पाठ वळताच ह्यांनी एकेक बोल्ट स्वतः पुन्हा आवळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले, पण दारापर्यंतच. हे लगबगीनं आत शिरले आणि भरलेला रॅक दोन्ही हातांनी ओढून दाखवू लागले. "बघ, हलतोय का? ये ना."

"दादा, रॅक चांगलाय रे. माझाच पाय उचलत नाही."

ह्यांचा चेहराच पडला. इतके दिवस लोखंड ठोकलं, भावाची भीती कशानं ठोकणार? मग काय डोक्यात आलं कोण जाणे, खालचे क्रेट बाजूला सारून हे सरळ त्या रॅकखाली जाऊन बसले. "पडला तर माझ्या डोक्यावर पडेल. मी बसतो इथंच."

अंगात नुसता शर्ट! जाकिटाशिवाय आत जायचं नाही हा तिथला पहिला नियम, रोज दुसऱ्यांवर ओरडणारे हेच. थोड्या वेळात दात वाजायला लागले, तरी उठेनात. मी हातातले दाणे टाकून उठले.

"दादा, जाकीट कुठाय?"

"वि... विसरलो."

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" भाऊजींनी खुंटीवरची दोन जाकिटं ओढली, एक स्वतःच्या अंगात अडकवलं आणि तावातावानं आत गेले.

मी दारात पोचले तेव्हा ते रॅकखाली वाकून ह्यांचे हात बाह्यांत कोंबत होते. वर क्रेटांची थप्पी, खाली दोघांचं कडाकडा भांडण. मला रडूच फुटलं.