पायलीभर ज्वारीचा फकिरा

“पहले ये बताओ, माँ कौन है. फिर मैं हाथ लगाऊँगा.”

सर्जन कुप्पुस्वामी एवढं बोलले आणि हात बांधून उभे राहिले. धुळ्याच्या एका दवाखान्यातला लहान मुलांचा वॉर्ड. टेबलावर नऊ-दहा महिन्यांचं बाळ पाय पोटाशी घेऊन रडत होतं. जरा थांबायचं, डोळे मिटायचं, की पुन्हा कळ. आतड्यात आतडं शिरलं होतं. शर्ट काढताना बाही आतल्या आत दुमडते ना, तसं. वेळेत सोडवलं तर मूल दोन दिवसांत हसतं. उशीर झाला तर आत गेलेला भाग सडतो आणि मग कोणाचं काही चालत नाही.

ऑपरेशनला आई-बापाची संमती लागते. बाप सुरतला लूमवर. एस.टी.डी.चे पिवळे बूथ तेव्हा नुकतेच आले होते, पण लूमवर फोन कुठला असायला? राहिली आई. आणि आईचाच पत्ता लागेना.

मी त्या दवाखान्यात मेडिकल सोशल वर्कर होते. म्हणजे पेशंटच्या आजाराचं डॉक्टर बघतात, बाकी सगळ्या भानगडी आम्ही. घरी कोण आहे, औषध परवडतं का, सुनेला जाळलं की ती खरंच जळली. अशा नोकरीत माणूस संशयी होतो. माझे यजमान म्हणायचे, तू आधीपासूनच तशी होतीस, सरकार त्याचा फक्त पगार देतं.

बाळाला घेऊन आली होती खैरूनबी. बांगड्या विकणारी, पन्नाशीची, खणखणीत आवाजाची बाई. बाळाचं नाव सांगितलं फकिरा. बापाचं नाव सांगितलं पंढरीनाथ. तिथंच माझे कान टवकारले.

“तुमचा कोण हा?”

“मेरा बच्चा है.”

“तुम्ही जन्म दिला?”

“मैं क्यों देऊँ? मैंने खरीदा है. पायली भर जवारी दी. सारा गाँव गवाह है!”

अगं बाई! मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी माझ्याकडे. दाराशी चौकीतले हवालदार उभे होते, त्यांनी खिशातलं पेन काढलंच. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई जिल्हाभर उठली होती. बाई तोंडानं कबूल करतेय, मूल विकत घेतलं म्हणून!

“मॅडम, केस नोंदवू?” हवालदार म्हणाले. केस म्हणजे जबाब, पंच, गावाला निरोप. संध्याकाळ झाली असती. तोवर बाळाचं काय?

“पाच मिनिटं थांबा,” मी म्हटलं, आणि खैरूनबीबरोबर आलेल्या दुसऱ्या बाईकडे वळले.

ही पार दाराच्या खांबाशी बसली होती. बाळाकडे पाठ. विचारलं तर म्हणाली, “मी शेजारीन शे.” नाव सुमन. बाळ रडलं की हिचे खांदे आक्रसायचे. नर्सनं बाळाला काही पाजायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा हिनं पदर छातीवर घट्ट ओढून घेतला. तरी मला दिसायचं ते दिसलं. पोलकं पुढून ओलंचिंब झालं होतं.

माझा संताप झाला. पोटचं पोर विकलं, आणि वर शेजारीण म्हणून मिरवतेय! मी तिला दंडाला धरून औषधांच्या खोलीत नेलं.

“बाळ तुझं आहे.”

“मना आंडोर नही शे तो. खैरूनबीना शे.”

आंडोर म्हणजे मुलगा. “दूध तुला आलंय आणि पोर तिचं?”

“मी इकी टाकेल शे त्याले.”

“लाज नाही वाटत? ज्वारीसाठी?”

पैशासाठी पोर विकणारी बाई भांडते, रडते, दारूड्या नवऱ्याचं नाव सांगते. ही मात्र दाराकडे बघत होती, कोणी ऐकत नाही ना म्हणून. माझ्या संशयानं तिथं कूस बदलली.

“याच्याआधी किती झाली तुला?” मी आवाज खाली आणला.

“तीन आंडोर व्हतात. तिन्ही गयात.”

“नावं काय त्यांची?”

“राजेंद्र. सुरेश. दिलीप.” मग एकदम म्हणाली, “चांगला चांगला नावं ठेयात, ताई. त्याच आवडनात तिले.”

तिले म्हणजे सटवाईला. आणि मला माझ्या आजोळचे धोंडूमामा आठवले. कोटाच्या खिशाला सोन्याची साखळी लावून फिरणारा माणूस, आणि नाव धोंडू. आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आजीनं मुलाला दगड म्हटलं होतं. दगड कोण उचलून नेणार? आम्ही पोरं त्या नावाला हसायचो.

इथं सुमननं एक पाऊल पुढं टाकलं होतं. पोर सुपात घालून दुसऱ्या धर्माच्या बाईला विकून टाकलं होतं. नाव ठेवायचा हक्कही खैरूनबीचाच. आता ते पोर सुमनच्या नशिबातलंच नाही, तर नेणार कुणाचं? मात्र एक अट होती. तोंडानं त्याला आपलं म्हणायचं नाही.

“नको इचारू, ताई. मी बोलनू तं हाऊ बी जाई.”

मी बाहेर येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हा मद्रासी माणूस म्हणेल, सुपरस्टिशन आहे, केस नोंदवा. त्यांनी चष्मा काढला. पुसता पुसता म्हणाले, “मॅडम, मेरे नाम का मतलब मालूम है?”

“नाही.”

“कुप्पै याने कचरा. मेरे पहले चार मर गये. अम्मा ने मुझे कचरे पे लिटाया, फिर उठाया. मैं सर्जन हो गया, आज भी सबके सामने कुप्पा बुलाती है.” चष्मा डोळ्यांवर गेला. “सिग्नेचर लाओ. थिएटर रेडी करता हूँ.”

हवालदारांनी पेन खिशात ठेवलं.

मी संमतीचा फॉर्म घेऊन सुमनसमोर बसले. “बोलू नकोस. फक्त अंगठा दे. अंगठ्याला तोंड नसतं.”

तिनं हात पुढं केला आणि परत मागे घेतला. “पन सटवाईले लिखता येस ना, ताई! पाचवीले लिखस ती. मंग वाचता बी येत व्हई.”

आता बोला! मास्टर्स डिग्रीत याचं उत्तर कोणी शिकवलं नव्हतं. तिकडे बाळाचं रडणं बारीक होत चाललं होतं, आणि ते जास्त वाईट.

“हे बघ,” मी म्हटलं, “हा सरकारी कागद. इथून तो आमच्या कपाटात जातो. त्या कपाटात गेलेला कागद साहेबाला सापडत नाही, मला सापडत नाही. सटवाईला काय डोंबल सापडतोय?”

तशा परिस्थितीतही तिच्या ओठाचा कोपरा हलला. तिनं अंगठा दिला. फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवायचा नियम आहे. मी नुसते ओठ हलवले. साक्षीदार म्हणून खैरूनबीनं सही केली, आणि मालकिणीला साक्षीदार केलं म्हणून कुरकुरलीसुद्धा.

ऑपरेशन चाललं तेवढा वेळ दोघी व्हरांड्याच्या दोन टोकांना बसल्या. मधे मी. एका बाईला बोलू न देता तिची सही घेतली होती मी, आणि बाळाचं काही झालं असतं तर तिनं जन्मभर त्या अंगठ्याला दोष दिला असता.

थिएटरचं दार उघडलं. कुप्पुस्वामी बाहेर आले. सवयीनं त्यांनी विचारलं, “बच्चे की माँ?”

सुमननं मान खाली घातली. डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते चालत चालत मुद्दाम सुमनच्या बाजूला येऊन उभे राहिले, तिच्याकडे पाठ केली, आणि पलीकडच्या टोकाला बसलेल्या खैरूनबीला ओरडून म्हणाले, “खैरूनबी! आपका बच्चा बच गया. बिलकुल ठीक है. थोडी देर में रोएगा, भूख से!”

“अल्ला का शुकर!” खैरूनबी तिकडून गरजली. डॉक्टरांच्या पाठीमागे सुमन पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होती. मीही रडले, सांगायला लाज कसली.

त्यानंतर मी पेशंटला नाव विचारताना, ते कोणी ठेवलं हेही विचारू लागले. एका बौद्ध कुटुंबात आजोबा कचरू होते आणि नातू सिद्धार्थ. मला वाटलं, इथंही आधीची मुलं गेली असणार. म्हातारा म्हणाला, “नाही ताई, आमचं नाव गावानं ठेवलं होतं. याचं आम्ही ठेवलं.” कुप्पैचा अर्थ कचरा, कचरूचाही तोच. एका नावामागे आई होती, दुसऱ्यामागे गाव. म्हणून नुसत्या अर्थावर विसंबू नये, एवढंच मी शिकले.

फकिराला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्याला कडेवर घेऊन खैरूनबी तोऱ्यात निघाली. सुमन चार पावलं मागे, पिशवी घेऊन, शेजारीण असल्यासारखी. मी खिडकीतून बघत होते. गेटबाहेर कडुनिंबाआड दोघी जरा थांबल्या. पुढे एस.टी. स्टँडच्या वाटेला लागल्या तेव्हा बाळ कोणाच्या कडेवर होतं, ते मला स्पष्ट दिसलं.

पण ते मी इथं लिहिणार नाही. हा कागद काही सरकारी कपाटात जायचा नाही.